फायबर लेसरचा रिन मोजताना: आधी साखळी तपासा, मग लेसर

रिलेटिव्ह इन्टेन्सिटी नॉइज (सरासरीच्या तुलनेत लेसरच्या तीव्रतेतला चढउतार), म्हणजे प्रयोगशाळेत सगळे ज्याला नुसतं रिन म्हणतात, तो मोजायला फार सामान लागत नाही. फोटोडायोड, स्पेक्ट्रम ॲनालायझर, चार केबल. सामान कमी म्हणून लोक घाई करतात. पहिल्याच दुपारी आलेख काढून मोकळे होतात आणि मग तोच लेसर एका टेबलावर उणे १३५ आणि शेजारच्या टेबलावर उणे १४१ डीबी प्रति हर्ट्झ दाखवतो. बरोबर ६ डीबीचा फरक दिसला, तर लेसरला दोष देऊ नका. तो फरक जवळजवळ नेहमी केबलच्या टोकाला लपलेला असतो. कुठे, ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

खालचा क्रम १५५० नॅनोमीटरच्या, ९८० नॅनोमीटरच्या डायोडने पंप केलेल्या, सतत प्रकाश देणाऱ्या एर्बियम फायबर लेसरसाठी आहे. १०६४ नॅनोमीटरच्या यटर्बियम लेसरला जिथे वेगळी काळजी लागते तिथे तसं सांगितलं आहे. मोड-लॉक केलेल्या पल्स लेसरला हा क्रम जसाच्या तसा लावू नका; तिथे डिटेक्टर पल्सच्या शिखरावर दबतो (प्रकाशाच्या प्रमाणात त्याचं आउटपुट वाढत नाही) आणि हिशेब बदलतो.

## टप्पा १: किती खोल बघायचं ते कागदावर ठरवा

दोन आकडे आधी हवेत: कोणत्या फ्रीक्वेन्सीपासून कोणत्या फ्रीक्वेन्सीपर्यंत, आणि किती खालपर्यंत.

दुसरा आकडा लोक विसरतात. फोटोकरंट कितीही स्वच्छ असला तरी शॉट नॉइज, म्हणजे प्रकाश सुट्या फोटॉनांनी येतो म्हणून होणारा चढउतार, राहतोच. त्याचा रिन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराची दुप्पट भागिले फोटोकरंट. १ मिलीअँपिअरला हा आकडा सुमारे उणे १५५ डीबी प्रति हर्ट्झ येतो, १० मिलीअँपिअरला उणे १६५. करंट दहापट केला की मर्यादा १० डीबी खाली जाते. तुमच्या लेसरचा रिन काही मेगाहर्ट्झच्या वर उणे १६० असेल आणि डिटेक्टरवर १ मिलीअँपिअर पडत असेल, तर तुम्ही लेसर मोजतच नाही. फोटॉनची मोजदाद करताय.

ही अट किती कडक होऊ शकते, ते गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या प्रगत डिटेक्टरवरून कळतं. तिथे इंटरफेरोमीटरच्या तोंडाशी १० हर्ट्झला तीव्रतेतला सापेक्ष चढउतार दर वर्गमूळ हर्ट्झमागे २ अब्जांशाच्या आसपास असावा अशी अपेक्षा आहे. डीबीत हे उणे १७४ होतं, आणि शॉट नॉइज नुसता त्या पातळीवर आणायलाच ८० मिलीअँपिअर फोटोकरंट लागतो. तिथला लेसर वेगळ्या जातीचा आहे, पण हिशेब हाच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियावर काम करण्याचं मनात असलेल्यांनी तो आत्ताच हाताखालून घालावा.

तपासा: अपेक्षित रिनच्या किमान १० डीबी खाली शॉट नॉइज येईल एवढा करंट तुमचा डिटेक्टर न दबता देतो का? नसेल, तर पुढचे टप्पे करण्याआधी डिटेक्टर बदला.

## टप्पा २: प्रकाशाची वाट

सावध: १५५० असो वा १०६४, प्रकाश दिसत नाही. १०६४ आणि उरलेला ९८० तर थेट दृष्टिपटलापर्यंत जातो. कनेक्टर मायक्रोस्कोपखाली धरण्याआधी पंप बंद, चावी खिशात. चालू लेसरचा कनेक्टर पुसू नका. धूळ जळून टोकाला चिकटते आणि फेरूल कायमचं जातं.

लेसरच्या तोंडाशी आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. फायबर लेसरला मागे परतलेला प्रकाश सोसत नाही. थोडासा परत गेला तरी रिनचा आलेख फुगतो आणि तो फुगवटा लेसरच्या नावावर जमा होतो.

सगळे कनेक्टर ८ अंश तिरक्या टोकाचे, म्हणजे हिरवे एपीसी वापरा. सपाट, मोकळं टोक हवेत सुमारे साडेतीन टक्के प्रकाश मागे फेकतं. हिरवा आणि निळा (तिरकं टोक नसलेला) एकमेकांत घातला तर मध्ये हवेची फट राहते, तोटाही वाढतो आणि परावर्तनही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ड्रॉवरमधल्या एका निळ्या पॅचकॉर्डने कित्येक मोजमापं बिघडवली आहेत.

वाटेत दोन अर्धवट परावर्तनं असली की प्रकाश स्वतःच्याच उशिरा आलेल्या प्रतीशी मिसळतो आणि लेसरचा फेज नॉइज तीव्रतेच्या नॉइजमध्ये उतरतो. याची चाचणी सोपी आहे. ॲनालायझरवर ट्रेस चालू ठेवा आणि टेबलावरच्या फायबरच्या वेटोळ्याला बोटाने हलकी टिचकी मारा. कमी फ्रीक्वेन्सीचा भाग उसळून मिनिटभर डुलत राहिला, तर कुठेतरी परावर्तन आहे. कनेक्टर एकेक करून उघडा, पुसा, मायक्रोस्कोपखाली बघा, पुन्हा टिचकी.

उरलेला पंप विसरू नका. इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डिटेक्टर ९८० नॅनोमीटरलाही छान प्रतिसाद देतो. आउटपुटमध्ये पंपाचा थोडा अंश गळत असेल तर त्याचा नॉइज तुमच्या आलेखात येईल. डिटेक्टरच्या आधी वेव्हलेंग्थ वेगळ्या करणारा कपलर किंवा फिल्टर टाका. १०६४ साठीही हाच डिटेक्टर घ्या; सिलिकॉनचा तिथे मंद आणि कमकुवत पडतो.

## टप्पा ३: डिटेक्टर, लोड आणि तो ६ डीबी

रिन म्हणजे नॉइजची स्पेक्ट्रल घनता भागिले सरासरी व्होल्टेजचा वर्ग. वरचा भाग मोजण्यात लोक दिवस घालवतात. खालचा भाग मल्टिमीटरने दहा सेकंदांत उरकतात. चुका खालच्या भागात होतात.

सर्वांत नेहमीची चूक ही. ॲम्प्लिफायर असलेल्या डिटेक्टरच्या आत बहुधा ५० ओहमचा मालिका रोध असतो. त्याचं आउटपुट मल्टिमीटरला जोडलं, तर मल्टिमीटरचा रोध प्रचंड असल्यामुळे पूर्ण व्होल्टेज दिसतं. तेच आउटपुट ५० ओहमच्या ॲनालायझरला जोडलं की व्होल्टेज निम्मं होतं. सरासरी मल्टिमीटरवर घेतली आणि नॉइज ॲनालायझरवर, तर सरासरी दुप्पट धरली जाते आणि रिन ६ डीबीने खोटा चांगला दिसतो. वरच्या उदाहरणातला फरक हाच.

उपाय: सरासरी आणि नॉइज दोन्ही एकाच लोडवर मोजा. ऑसिलोस्कोपचं इनपुट ५० ओहमवर ठेवून तिथे सरासरी वाचा, किंवा मल्टिमीटरसोबत टी-जोडात ५० ओहमचा टर्मिनेटर लावा.

नुसता बायस दिलेला फोटोडायोड असेल तर बायस-टी (डीसी आणि नॉइजची वाट वेगळी करणारा जोड) वापरतात. त्याच्या डीसी टोकाला ५० ओहमचा रोध जमिनीकडे जोडलेला हवा आणि मल्टिमीटर त्या रोधावर. नुसता मल्टिमीटर लावला तर फोटोकरंटला वाटच उरत नाही, बायस संपतो आणि डायोड दबतो. आकडा मात्र स्थिर आणि देखणा दिसतो, हाच घोटाळा.

सावध: कित्येक स्पेक्ट्रम ॲनालायझरचं इनपुट डीसी व्होल्टेजने जळतं. पोर्टजवळ छापलेली मर्यादा वाचा आणि डीसी ब्लॉक लावल्याशिवाय केबल जोडू नका. डीसी ब्लॉकची खालची मर्यादा किती हर्ट्झ आहे तेही लिहून ठेवा. त्याखालचा आलेख फेकून द्यायचा आहे.

## टप्पा ४: फ्लोअर, आणि अर्ध्या प्रकाशाची चाचणी

आता प्रकाश झाकून तोच स्पॅन (फ्रीक्वेन्सीचा पट्टा), त्याच सेटिंगवर नोंदवा. हाच फ्लोअर. पंप बंद करून नाही, प्रकाश झाकून. पंपाचा ड्रायव्हर चालू असताना केबलमध्ये काय शिरतं, तेही याच ट्रेसमध्ये यायला हवं.

प्रकाश असतानाचा ट्रेस फ्लोअरच्या १० डीबी वर असेल तर चूक ०.५ डीबीपेक्षा कमी; तशीच सोडली तरी चालेल. अंतर ३ ते १० डीबी असेल तर फ्लोअर वजा करा, पण डीबीत नव्हे. मिलिवॅटमध्ये बदलून वजाबाकी करा आणि परत डीबीत आणा. अंतर ३ डीबीपेक्षा कमी असेल तिथला आलेख दाखवू नका.

एक लक्षात ठेवण्यासारखा आकडा: नुसत्या ५० ओहमच्या रोधाचा उष्णताजन्य नॉइज आणि शॉट नॉइज सारखे होतात ते त्या रोधावर सुमारे ५० मिलिव्होल्ट, म्हणजे १ मिलीअँपिअर असताना. त्याखाली काम करत असाल तर शॉट नॉइज दिसण्याची अपेक्षाच ठेवू नका.

आता या लेखातली सर्वांत कामाची चाचणी. ऑप्टिकल ॲटेन्युएटरने प्रकाश बरोबर निम्मा करा. (पंप कमी करून नाही! पंप बदलला की लेसरच बदलतो.) सरासरी व्होल्टेज निम्मं झालं पाहिजे. मग ट्रेस किती खाली आला ते वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला बघा:

- ६ डीबी खाली आला, तर तिथे लेसरचा स्वतःचा नॉइज आहे.
- ३ डीबी खाली आला, तर शॉट नॉइज.
- हललाच नाही, तर तुमची इलेक्ट्रॉनिक्स.

सरासरी निम्म्यापेक्षा जास्त राहिली, तर डिटेक्टर पूर्ण प्रकाशात दबलेला होता. एका चाचणीत चार प्रश्न सुटतात आणि वेळ पाच मिनिटं लागतो. प्रबंधात किंवा शोधनिबंधात रिनचा आलेख देणाऱ्या प्रत्येकाने ही केलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. परीक्षक म्हणून मी पहिलं हेच विचारेन.

शॉट नॉइजचा मापदंड स्वतंत्रपणे हवा असेल तर जुन्या तारेच्या बल्बची टॉर्च डिटेक्टरवर पाडा, बॅटरीवर चालणारी. बल्बचा प्रकाश इतका विस्कळीत असतो की त्या करंटला शॉट नॉइजच दिसतो, आणि करंट दुप्पट केला की ट्रेस ३ डीबीच वर जातो. एलईडीची टॉर्च इथे उपयोगाची नाही. तिचा दिसणारा प्रकाश या डिटेक्टरला फारसा कळत नाही.

## टप्पा ५: ॲनालायझरची बटणं

ॲनालायझर मुळात सुट्या शिखरांसाठी बनलेला असतो, नॉइजसाठी नव्हे. म्हणून चार गोष्टी हाताने लावाव्या लागतात.

डिटेक्टर मोड आरएमएसवर ठेवा. पीक मोड प्रत्येक ठिकाणचा सर्वांत मोठा उसळा धरतो आणि नॉइज कित्येक डीबी जास्त दाखवतो. सरासरी पॉवरची घ्या, लॉगची नाही. लॉग सरासरी नॉइज २.५ डीबी कमी दाखवते, आणि ही चूक आलेखात कुठेही दिसत नाही.

इनपुट ॲटेन्युएशन ऑटोवरून काढा. नाहीतर प्रकाश असताना यंत्र एक किंमत घेतं आणि झाकल्यावर दुसरी, आणि तुम्ही वेगवेगळ्या फ्लोअरची तुलना करत बसता. ॲटेन्युएशन १० डीबीने वाढवून बघा: फ्लोअरच्या वरचा भाग जागचा हलला, तर इनपुट भरून वाहत होतं.

रिझोल्यूशन बँडविड्थ (ॲनालायझर एका वेळी बघतो तो फ्रीक्वेन्सीचा पट्टा) लिहून ठेवा. खरी नॉइज-बँडविड्थ तिच्याहून थोडी जास्त असते. फिल्टरनुसार फरक पाव ते अर्धा डीबी. यंत्रात नॉइज मार्कर असेल तर तो ही दुरुस्ती स्वतः करतो. मग पुन्हा हाताने करू नका.

बरेच ॲनालायझर ९ किलोहर्ट्झच्या खाली बघतच नाहीत. त्याखालच्या भागासाठी ऑसिलोस्कोप किंवा डेटा-कार्ड घेऊन फूरिए रूपांतर करा, पण सॅम्पल करण्याआधी लो-पास फिल्टर हवाच. सेकंदाला १ लाख नमुने घेत असाल आणि लेसरचं शिखर ८० किलोहर्ट्झला असेल, तर ते आलेखात २० किलोहर्ट्झला उगवेल आणि तुम्ही त्याचं स्पष्टीकरण शोधत बसाल. सॅम्पलिंगचा वेग बदलून बघा. खरं शिखर जागा सोडत नाही.

तपासा: दोन यंत्रांचे ट्रेस जिथे एकमेकांवर येतात, तिथे ते १ डीबीच्या आत जुळतात का? नाही जुळले तर टप्पा ३ कडे परत जा.

## टप्पा ६: हिशेब

एक उदाहरण पुरेसं आहे. फोटोकरंट २ मिलीअँपिअर, लोड ५० ओहम, म्हणजे सरासरी १०० मिलिव्होल्ट. सरासरीची विद्युत पॉवर ०.२ मिलिवॅट, म्हणजे उणे ७ डीबीएम. बायस-टीनंतर ३० डीबीचा लो-नॉइज ॲम्प्लिफायर. १ किलोहर्ट्झ बँडविड्थला ट्रेस उणे ९५ डीबीएम.

१ किलोहर्ट्झवरून १ हर्ट्झवर यायला ३० वजा: उणे १२५. ॲम्प्लिफायरचे ३० वजा: उणे १५५ डीबीएम प्रति हर्ट्झ. सरासरी पॉवर वजा करायची, म्हणजे उणे ७ वजा: रिन उणे १४८ डीबी प्रति हर्ट्झ. २ मिलीअँपिअरचा शॉट नॉइज उणे १५८. आपण १० डीबी वर आहोत, मोजमाप टिकतं.

ॲम्प्लिफायर फक्त नॉइजच्या वाटेत आहे, सरासरीच्या नाही. म्हणून तो एकदाच वजा होतो. आणि सगळीकडे एका बाजूची स्पेक्ट्रल घनता धरा. दोन्ही बाजूंची धरणारं सॉफ्टवेअर ३ डीबीचा फरक पाडतं.

एकूण चढउतार हवा असेल तर रिन साध्या आकड्यात बदलून बँडभर बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. उणे १३० ची सपाट रेघ १ मेगाहर्ट्झपर्यंत असेल तर उत्तर ०.०३ टक्के. बँडच्या दोन्ही सीमा न सांगता टक्केवारी लिहिणं हे निरर्थक आहे.

## टप्पा ७: शिखरं ओळखा

५०, १००, १५० हर्ट्झला सुया दिसल्या तर विजेच्या तारांचा नॉइज. प्रकाश झाकूनही राहिल्या तर तो केबलमधून शिरतोय: जमिनीचं वेटोळं शोधा, डिटेक्टर बॅटरीवर चालवा. प्रकाश असतानाच दिसल्या तर पंपाच्या करंट ड्रायव्हरमधून लेसरमध्ये शिरल्यात. दहा-वीस किलोहर्ट्झच्या वर समान अंतरावरच्या टोकदार सुया बहुधा स्विचिंग पॉवर सप्लायच्या असतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बघायला काही जात नाही.

रुंद, गोल टेकडी ही रिलॅक्सेशन ऑसिलेशनची, म्हणजे लेसरमध्ये साठलेली ऊर्जा आणि प्रकाश यांच्यातल्या झोक्याची. एर्बियमच्या वरच्या पातळीचं आयुष्य सुमारे १० मिलीसेकंद. पोकळीतल्या प्रकाशाचं आयुष्य १० नॅनोसेकंद आणि पंप उंबरठ्याच्या (लेसर सुरू होतो त्या पंप-पातळीच्या) तिप्पट धरला, तर साध्या मॉडेलने ही टेकडी २२ किलोहर्ट्झच्या आसपास येते. यटर्बियमचं आयुष्य १ मिलीसेकंदाच्या घरातलं. तीच पोकळी असेल तर ७० किलोहर्ट्झ. खात्री कशी करायची? पंप उंबरठ्याच्या दुपटीवरून तिपटीवर न्या. टेकडी साधारण १.४ पट वर सरकली पाहिजे. जागेवर बसून राहिली तर ती रिलॅक्सेशन नाही, भलतंच काही आहे.

मेगाहर्ट्झमध्ये समान अंतरावरच्या सुया म्हणजे बहुधा पोकळीच्या मोडचे ठोके. १० मीटरच्या रिंगसाठी अंतर सुमारे २० मेगाहर्ट्झ, तेवढ्याच लांबीच्या सरळ पोकळीसाठी १०. त्या दिसल्या तर लेसर एका फ्रीक्वेन्सीवर चालत नाही, मग वर काहीही लेबल असो.

## टप्पा ८: मॉडेलशी गाठ घाला

गणित करणाऱ्यांना इथेच पोचायची घाई असते, म्हणून हा टप्पा शेवटी ठेवला आहे.

रेट समीकरणं सरळ करून पंपापासून आउटपुटपर्यंतचा प्रतिसाद काढला की दुसऱ्या दर्जाचा लो-पास फिल्टर मिळतो. टेकडीच्या खाली पंपाचा नॉइज जवळजवळ जसाच्या तसा उतरतो, टेकडीनंतर रिन दर दशकाला ४० डीबीने घसरतो. पोकळीच्या आतल्या तोट्याचा चढउतार किंवा उत्स्फूर्त उत्सर्जन कारण असेल, तर टेकडीनंतरचा उतार २० डीबी. उतार आधी मोजा. कोणत्या स्रोताच्या मागे लागायचं ते त्यातूनच कळतं.

पंपाचा रिन त्याच साखळीने वेगळा मोजा, प्रतिसादाशी गुणा आणि मोजलेल्या आलेखावर ठेवा. पातळीचं आयुष्य तक्त्यातून घ्या, पोकळीचा तोटा मोजून घ्या, पंप आणि सिग्नलचा गाभ्यावरचा ओव्हरलॅप मोड सॉल्व्हरमधून घ्या. मोकळा पॅरामीटर एकच ठेवा. पाच पॅरामीटर मोकळे सोडले तर कोणतीही टेकडी कुठेही बसते, आणि आलेख सुंदर दिसतो.

तपासा: एका पंप-पातळीवर मॉडेल बसवा आणि पॅरामीटर न हलवता दुसऱ्या पातळीचा आलेख सांगून बघा. चुकला तर बसवणूक चूक आहे, लेसर नाही.

## टप्पा ९: नोंद

आलेखासोबत ही माहिती जाऊ द्या: फोटोकरंट, प्रत्यक्ष लोड, ॲम्प्लिफायरचा गेन (मोजलेला, पेटीवर छापलेला नव्हे), बँडविड्थ, सरासरीची पद्धत, पंपाचा करंट, उंबरठ्याचा करंट. आलेखावर तीन रेघा एकत्र काढा: लेसर, झाकलेला डिटेक्टर आणि हिशेबाने आलेला शॉट नॉइज. झाकलेल्या ट्रेसची मूळ फाइल लेसरच्या फाइलसोबत, त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि नावात तारखेबरोबर ॲटेन्युएशनही टाका. सहा महिन्यांनी परीक्षकाचं पत्र आलं की नेमकी तीच फाइल लागते, आणि तेव्हा तो लेसर बहुधा दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर गेलेला असतो.